पाचवं कलम

शेजूळ नानांनी गेल्या दोन वर्षांत आमच्या शोरूममधल्या प्रत्येक टुरिंग मोटारसायकलची टेस्ट राइड घेतली, काहींची तर तीन-तीनदा, आणि एकही गाडी विकत घेतली नाही. असं गिऱ्हाईक प्रत्येक शोरूमच्या नशिबी असतंच, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. बाकीची मंडळी टेस्ट राइडहून परतली की विचारतात, ॲव्हरेज किती देते, टॉप स्पीड किती. नाना गाडी स्टँडला लावतात, हेल्मेट काढतात, माझ्याकडे वळतात आणि विचारतात, "कंबरंला लागलं का?"

म्हणजे माझ्या कंबरेला. कारण मी मागे बसलेला असतो.

जालना रोडवरच्या एका शोरूममध्ये मी अकरा वर्षं नोकरी करतो. कार्डावर माझ्या नावाखाली 'सेल्स एक्झिक्युटिव्ह' छापलेलं आहे, पण खरं काम मागे बसण्याचं. आमच्या टेस्ट राइडच्या फॉर्मवर सहा कलमं होती. लायसन दाखवा, हेल्मेट घाला, नगर नाक्याच्या पुढे जाऊ नका, वगैरे. त्यातलं पाचवं असं होतं: 'चाचणी फेरीच्या वेळी शोरूमचा प्रतिनिधी चालकाच्या मागे बसेल.' तो प्रतिनिधी मी. गिऱ्हाइकाने गाडी घेऊन पळून जाऊ नये म्हणून ही व्यवस्था. तो पळालाच तर मीही त्याच्याबरोबर आपोआप पळणार, हे कलम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

अकरा वर्षांत मी या शहराच्या पाठी पाहिल्या. माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगतो, पाठ खोटं बोलत नाही. घाबरलेल्याची पाठ ताठ होते, थापाड्याची डुलते. एका डॉक्टरांची पाठ वळणावर रामरक्षा म्हणायची. फुलंब्रीचे एक बागाईतदार टेस्ट राइडमध्येच पाहुण्यांच्या घरी चहाला थांबले, आणि मी घरचा जावई असेन असं समजून तिथल्या आजीबाईंनी मला कुंकू लावून नारळ दिला. तो नारळ घेऊन मी शोरूमला परत आलो तेव्हा माझी आठवडाभर चेष्टा झाली.

पण सगळ्याच पाठी अशा गमतीच्या नसतात. एका कॉलेजकुमाराने सेव्हन हिलच्या पुलावर मला न विचारता पुढचं चाक उचललं. त्या दिवसापासून मी पाचव्या कलमाचा दुश्मन झालो. दर दिवाळीला बाकीचा स्टाफ मालकांकडे बोनस मागायचा, मी पाचवं कलम काढा म्हणून अर्ज द्यायचो. मालक अर्ज वाचायचे, हसायचे आणि मिठाईचा पुडा हातात ठेवायचे.

अशा माझ्या आयुष्यात नाना आले. वय सदुसष्ट-अडुसष्ट, पांढरा शर्ट, कॅनव्हासचे बूट आणि बगलेत स्वतःचं जुनं, घासून पुसून ठेवलेलं हेल्मेट. मी खुर्ची पुढे केली. ते बसले आणि चहा यायच्या आत उठले. चहा त्यांनी गाड्यांमधून फिरत प्यायला. पुढच्या दोन वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीवर सलग पाच मिनिटं टेकलेलं पाहिलं नाही.

"नाना, बसा की जरा."

"बसून राहिलं की गाळ साचतो, संदीपराव."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पाटबंधारे खात्यात ते कालवा निरीक्षक होते. कालव्याला पाणी सुटलं की नानाही सुटायचे. कुठे दार अडकलंय, कुठे कोणी चोरून पाइप टाकलाय, कुठे गाळ बसलाय, हे बघत सगळी नोकरी मोटारसायकलवर झाली. रिटायर झाल्यावर खात्याने त्यांना शाल-श्रीफळ दिलं, पण पायांना कोणी सांगितलं नाही की आता थांबा म्हणून. उभे असले तरी त्यांचा डावा पाय हलका हलका हलत असायचा, गिअर टाकल्यासारखा.

पहिल्या दिवशी मी फॉर्म दिला. फॉर्म कोणी वाचत नाही, सगळे 'कुठे सही' एवढंच विचारतात. नानांनी खिशातून चष्मा काढला आणि उभ्याउभ्या सहाही कलमं मोठ्याने वाचली. पाचव्यावर बोट ठेवलं, परत वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे तुमी मागं बसताल?"

"हो. नियमच आहे."

"लई चांगला कायदा हाये," असं म्हणून त्यांनी सही केली. अकरा वर्षांत त्या कलमाला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस. मला वाटलं, हे टोमणा मारताहेत.

गाडी चालू झाली. मी मागे चढलो. नानांनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. अर्धं मिनिट गेलं. वॉचमन बघायला लागला.

"बसले का?" नानांनी विचारलं.

"बसलो."

"मंग सांगा की."

"सांगितलं ना, बसलो."

"तोंडानं नाय. वाऱ्यात तोंडाचं ऐकू येत नाय. डाव्या खांद्यावर दोन टपल्या मारा."

वारा अजून सुटायचा होता, आम्ही शोरूमच्या दारात होतो. पण मी दोन टपल्या मारल्या आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पुढे एकदा मोंढा नाक्याच्या सिग्नलवर मी मुद्दाम एकच टपली मारून बघितली. दिवा हिरवा झाला, मागच्या रिक्षांनी हॉर्नचा गिल्ला केला, एक ट्रकवाला खाली उतरतो की काय असं झालं, पण नाना हलले नाहीत. दुसरी टपली पडल्यावरच क्लच सुटला.

दुसरी खोड म्हणजे 'धरा'. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी, प्रत्येक खड्ड्याच्या आधी नाना मान किंचित डावीकडे करून म्हणायचे, "धरा." आपल्या शहरात हे म्हणायचं ठरवलं तर माणसाला दुसरं बोलायला सवड मिळत नाही. धरा, धरा, आता मोठा हाये, धरा. गाडी एवढी हळू उतरायची की धरण्यासारखं काही नसायचं, पण मी धरायचो.

नगर नाका आला की मी म्हणायचो, "नाना, इथून वळायचं."

"गाडी टुरिंगची, अन् टूर नगर नाक्यापत्तूर?"

असं म्हणून नाना गाडी छावणीतून पुढे काढायचे. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा. तिथे कुठेतरी दुकानं, हॉटेलं, मंगल कार्यालयं संपतात आणि रस्ता एकदम मोकळा होतो. उजव्या हाताला किल्ला दिसायला लागतो. मग नानांची पाठ बदलायची. गावातून जाताना काम करणाऱ्या माणसाची पाठ असायची. इथे आली की ती सैल व्हायची, खांदे खाली यायचे. एवढी ताकदीची गाडी, पुढे काच, सहा गिअर, पण नाना सत्तरच्या वर जायचे नाहीत. "सहावा बी गिअर हाये म्हणत्यात. असंल," म्हणायचे आणि चौथ्यात चालवायचे.

आणि बोलायचे. गावात फक्त 'धरा' म्हणणारा माणूस मोकळ्या रस्त्यावर धरण फुटल्यासारखा बोलायचा. "ही अद्रक बघा, पिवळी पडली. पाणी लई झालं. ह्यो मका कुणाचा हाये, चांगला आलाय. तिकडं विहीर दिसती का, तिला पाणी लागलं तवा गावजेवण होतं." हे सगळं ते डाव्या खांद्याकडे तोंड करून सांगायचे. मी लासूर स्टेशनचा, आमच्याकडेही शेती आहे, म्हणून एकदा मी कांद्याच्या रोपावर माझं मत सविस्तर मांडलं. माझं संपल्यावर नाना म्हणाले, "तुमी नुसतं हं म्हणा, संदीपराव. तेवढं बास हाये."

मला राग आला होता. पण पुढच्या वेळी मी नुसतं हं म्हटलं, आणि खरं सांगतो, मजा आली. इतकी वर्षं मी दोन्ही हातांनी मागची दांडी आवळून, डोळे मिटून रस्ते पार केले होते. नानांच्या मागे मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. कापशीचा वास येतो हे कळलं. वारा हेल्मेटच्या काचेखालून शिरून गालाला लागायचा आणि तळहात दांडीवरून कधी सुटले ते समजायचंही नाही. कसाबखेडा फाटा आला की वळायची इच्छा मलाच व्हायची नाही. एकदा आम्ही बोलत बोलत, म्हणजे ते बोलत आणि मी हं म्हणत, थेट देवगाव रंगारीला पोचलो आणि शोरूममधून फोनवर फोन आले. मी गाडी पंक्चर झाल्याचं सांगितलं. नाना शेजारी उभे राहून भजी खात होते. "ट्यूबलेस हाये ना ही?" ते म्हणाले.

परत आल्यावर गाडीचा निकाल लागायचा. नाना वितीने मागची सीट मोजायचे. "पुढच्याला सोफा, अन् मागच्याला फळी." दुसऱ्या गाडीला मागचे पाय ठेवायचे दांडे उंच होते. "गुडघे छातीला लागत्यात, असं माणूस घंटाभर बसंल का?" तिसरीची सीट रुंद होती, पण कमरेएवढी उंच. "हिच्यावर साडीचं माणूस कसं चढंल?" मी ब्रोशर काढून ताकदीचे आकडे दाखवायचो. नाना आकड्यांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "वारा लागला का मागं? कानाला?"

एकदा कसाबखेडा फाट्यावर चहा पिताना मी विचारलंच, की दोन टपल्यांची भानगड काय आहे. नाना चहा घेऊन टपरीभोवती दोन चकरा मारून आले आणि सांगायला लागले.

ऐन उमेदीतली गोष्ट. नाना आणि काकू मोटारसायकलवर फुलंब्रीकडून येत होते. वाटेत पंपावर पेट्रोल भरायला थांबले. मागच्याने उतरायचं, टाकी भरायची, परत बसायचं, ही रीत. काकू उतरल्या, पाणी प्यायला गेल्या. नानांच्या डोक्यात कालव्याचं दार अडकलेलं होतं. त्यांनी टाकीचं झाकण लावलं, किक मारली आणि निघाले.

"चौक्याच्या घाटापत्तूर बोलत होतो मी. कालवा, साहेब, कांदा, समदं. तिला म्हणलं, पाणी प्यायचं का? उत्तर नाय. म्हणलं रुसली असंल. परत इचारलं. नाय. मंग हात मागं नेला. मोकळंच."

"मग?"

"मंग काय, वळालो. जाताना जेवढी पळाली नसंल तेवढी गाडी पळाली. जाऊन बघतो तर ही पंपावरच्या बाकड्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खायली. पंपावाल्याला बी दिल्या मूठभर. मला बघून म्हणली, झालं का बोलून?"

मी इतका हसलो की चहा शर्टावर सांडला. नानाही हसले. घरी पोचेपर्यंत काकू बोलल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम सांगितला. डाव्या खांद्यावर दोन टपल्या पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. एक टपली चालायची नाही, कारण एक चुकून लागू शकते.

"काकूंना घेऊन या एकदा," मी म्हणालो. "नाहीतरी सगळी चौकशी मागच्या सीटचीच करता. त्यांनाच बसवू, त्या पास करतील ती गाडी घ्या."

"व्हय. बघू," नाना म्हणाले आणि कप ठेवून गाडीकडे गेले. त्यानंतर प्रत्येक वेळी मी आठवणीने विचारायचो, काकूंना कधी आणताय. प्रत्येक वेळी उत्तर तेच. व्हय, बघू.

मग आमच्याकडे नवे मॅनेजर आले, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हातात एक टॅबलेट होता आणि त्यांना त्यात सगळं दिसायचं.

"संदीप, हे शेजूळ कोण? सत्तावीस टेस्ट राइड्स आणि एकही बुकिंग नाही?"

"घेतील सर. सीट बघताहेत."

"दोन वर्षं सीट बघताहेत?" त्यांनी टॅबलेट मिटला. "टेस्ट राइडची सगळी पद्धतच बदलायला हवी. तुला काही सुचतंय?"

हा प्रश्न मला अकरा वर्षांत कोणी विचारला नव्हता. मी धडाधडा बोललो. म्हटलं, पाचवं कलम काढा. टुरिंगची गाडी घेणाऱ्याला मोकळा रस्ता हवा असतो, मानगुटीवर शोरूमचा माणूस नको असतो. गाडीला ट्रॅकर बसवा, दोन तास द्या, नगर नाक्याची अटही काढून टाका. माणूस एकटा जाईल, खुश होऊन येईल, गाडी घेईल. तुमचे ते शेजूळ नानासुद्धा एका फेरीत बुकिंग करतील. हे शेवटचं वाक्य मी बोललो होतो, ते मला नीट आठवतं.

सरांना पटलं. आठवड्यात नवे फॉर्म छापून आले, पाच कलमांचे. त्या दिवशी मी स्वतःच्या खर्चाने सगळ्या स्टाफला इमरती खायला घातली. जुन्या फॉर्मचे दोन पॅड रद्दीत निघाले होते, ते लेकीला मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढायला होतील म्हणून मी माझ्या बॅगेत टाकले.

सोमवारी नाना आले. नवीन मोठी टुरिंग गाडी त्याच आठवड्यात आलेली, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, उंच काच. मला कधी एकदा त्यांना सांगतो असं झालं होतं. मी नवा फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचायला लागले, आणि चौथं संपल्यावर थांबले. पुढचं वाचलं. कागद उलटा करून मागे बघितलं.

"एक कमी हाये."

"काढलं नाना," मी म्हणालो. "पाचवं गेलं. आता तुम्ही एकटे. दोन तास. वेरूळला जा, कन्नडला जा, कोणी फोन करणार नाही."

मॅनेजर सरांनी स्वतः पुढे होऊन किल्ली दिली. नानांनी ती घेतली. सही केली. गाडीवर बसले, चालू केली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि उभे राहिले. मी पायरीवर उभा होतो, हात हलवायच्या तयारीत. एक मिनिट झालं. नानांनी मान डावीकडे केली, नेहमीसारखी, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"बसायचं नाय?"

"गरज नाही नाना. बिनधास्त जा."

ते अजून थोडा वेळ तसेच राहिले. डावा पाय गिअरवर हलत होता. मग त्यांनी इंजिन बंद केलं, गाडी स्टँडला लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "आज नगं. आज जरा बरं वाटंना," म्हणाले आणि हेल्मेट बगलेत मारून चालत गेट ओलांडून गेले. जाताना पाठ ताठ होती. एवढ्या पाठी वाचलेल्या मला ती पाठ वाचता आली नाही. सर म्हणाले, "गाडी जड वाटली असेल, वय झालं." मीही मान डोलावली.

त्यानंतर नाना आले नाहीत. पहिला आठवडा मी निवांत होतो, एसीत बसून होतो. दुसऱ्या आठवड्यात पाठ दुखायला लागली. तिसऱ्यात मी चहा घेऊन गाड्यांमधून फिरायला लागलो. गिऱ्हाइकं एकेकटी जात होती, दोन तासांनी परत येत होती, आणि मला कंबरेचं कोणी विचारत नव्हतं. दीड महिना झाला तेव्हा मी फॉर्मच्या फाइलमधून नानांचा पत्ता काढला आणि बुधवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, बॅग खांद्याला लावून सिडकोत एन-नऊला गेलो.

गल्लीत शिरलो तेव्हाच इंजिनाचा आवाज ऐकू आला. जुन्या गाडीचा, ठोके मोजता येतील असा. फाटकाच्या आत पोर्चमध्ये त्यांची जुनी मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी होती, आरशासारखी पुसलेली. नाना तिच्यावर बसले होते. डोक्यात हेल्मेट होतं, दोन्ही हात हँडलवर, नजर समोरच्या भिंतीवर.

मला बघून ते गडबडले. इंजिन बंद केलं. "रोज धा मिनिटं चालू ठेवावी लागती," म्हणाले. "न्हाईतर बॅटरी बसती."

गाडीची मागची सीट नवीन शिवून घेतलेली होती, रुंद, मऊ, चांगल्या रेक्झिनची. पाय ठेवायला डाव्या बाजूला लांब पट्टी होती, साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्यासाठी असते तशी. मी त्यांच्यामागून घरात गेलो. पाणी आणायला ते आत गेले तेव्हा मला भिंतीवरचा फोटो दिसला. फोटोला चंदनाचा हार होता, आणि हारावर धूळ नव्हती.

कित्येक महिने मी या माणसाला विचारत होतो, काकूंना कधी आणताय. मला माझी लाज वाटली, एवढंच सांगतो.

नाना पाण्याचा तांब्या आणि भांडं घेऊन आले आणि माझी नजर कुठे आहे ते त्यांनी बघितलं. "तीन वर्सं झाली," ते म्हणाले. बसले नाहीत. दारापर्यंत गेले, परत आले. "गाडी हाये, रस्ते हायेत, पेन्शन बी हाये. म्हणलं जावं. एकदा निघालो एकटाच. हर्सूलच्या पुढं नाय गेलो. मागं वजन नसलं की गाडी उडायल्यागत करती. अन् सवय जात नाय ना. दर खड्ड्याला म्हणतोय धरा, धरा. शेजारून जाणारे लोक बघायले."

मी भांड्यात पाणी ओतून घेतलं.

"मंग तुमच्या तिथला कायदा वाचला. पाचवा. म्हणलं हे बेस हाये. कुणाला सांगावं लागत नाय, मागावं लागत नाय. फॉर्मच म्हणतो, माणूस मागं बसंल." ते जरा हसले. "घेतली असती हो एखादी गाडी. तुमचा बी फायदा झाला असता. पण घेतल्यावर तुमी मागं कशाला बसताल?"

ते कलम मीच काढायला लावलं, हे मी त्यांना सांगितलं. सांगितल्याशिवाय पाणी घशाखाली उतरणार नव्हतं. नानांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "तुमची बी कंबर हाये की," आणि रिकामं भांडं उचललं.

तेव्हा मला बॅग आठवली. मी आतून जुना पॅड काढला. वरच्या दोन पानांवर लेकीने मागच्या बाजूने कोंबड्या काढल्या होत्या, त्या फाडल्या आणि खालचं कोरं पान नानांपुढे धरलं.

"लायसन दाखवा."

"काय करायले संदीपराव?"

"टेस्ट राइड आहे. नियम म्हणजे नियम. लायसन."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीत गेले, लायसन आणि चष्मा घेऊन आले, आणि उभ्याउभ्या सहाही कलमं मोठ्याने वाचली. पाचव्यावर बोट ठेवलं. ते बोट तिथून लवकर निघालं नाही. 'वाहन' या रकान्यात त्यांनी आपल्या गाडीचं नाव लिहिलं, सही केली, आणि मग सही झालेला कागद परत एकदा वरून खाली तपासला.

मागची सीट चांगली होती. इतक्या गाड्यांवर बसलो, पण अशी सीट नाही. नानांनी गिअर टाकला, थांबले. मी डाव्या खांद्यावर दोन टपल्या मारल्या.

टी पॉइंट, हर्सूल, सावंगी. धरा, धरा. चौक्याच्या घाटात वारा लागला आणि नाना बोलायला लागले. कुणाची अद्रक, कुणाची विहीर, कुठला तलाव कुठल्या साली भरला. मी हं म्हणत होतो. घाट उतरलो. मग फुलंब्रीच्या अलीकडे त्यांनी वेग कमी केला आणि गाडी पंपावर घेतली.

टाकी अर्ध्याच्या वर भरलेली होती, मला काट्यावर दिसत होतं. पंपावर बाकडं अजून होतं, तेच की नवं ते मला माहीत नाही. मी सवयीने उतरायला पाय उचलला. नानांचा हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर टेकला.

पंपावरचा माणूस नळी घेऊन आला. "मागचे, उतरा की जरा," तो म्हणाला.

"राहू द्या," नाना म्हणाले. "बसलेत ते."

त्याने कुरकुरत पेट्रोल टाकलं. नानांनी झाकण लावलं, दोनदा दाबून बघितलं. किक मारली, क्लच दाबला आणि मान किंचित डावीकडे केली.

"बसले का?"

मी उतरलोच नव्हतो. तरी मी त्यांच्या डाव्या खांद्यावर दोन टपल्या मारल्या.